कोनाडा गुण्यात नाही

आमच्या देवघराचा कोनाडा गुण्यात नाही, म्हणजे काटकोनात नाही. डावीकडून उंची साडेबावीस इंच भरते, उजवीकडून बावीसला दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. वर कमान आहे, पण तिचं टोक मधोमध नाही; ऐकू कमी येणारा म्हातारा मान कलती करून बसतो तसं ते डावीकडे कललेलं आहे. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर, दीड हात जाडीच्या भिंती. ओळंबा लावायला गेलं तर भिंत काही सरळ होत नाही, आपलंच डोकं फिरतं. "देवाला चालतंय, तुझं काय अडलंय?" असं सासूबाई म्हणायच्या.

माझं तसं अडलं नव्हतं. मी तीस वर्षं ब्लाउज शिवते, त्यामुळे माणसाचं अंगसुद्धा गुण्यात नसतं हे मला पाठ आहे. एकाच खांद्याला पर्स अडकवून नोकरी केलेल्या बाईचा तो खांदा अर्धा इंच उतरलेला असतो. दोन्ही बाजू सारख्या कापल्या की ब्लाउज चुकतो आणि नाव शिलाईचं खराब होतं. वाकड्याचं माप वाकडंच घ्यायचं. कोनाड्याचंही मी तेच करते. वर्तमानपत्राचा अख्खा कागद आत दाबून बसवायचा, कडेकडेनं नखानं घडी पाडायची आणि त्या घडीवरून कात्री फिरवायची. झालं कटिंग. त्यावरून गणपतीची महिरप कापायची, की झालं.

थर्माकोल होता तोवर खरंच तेवढ्यावर भागायचं. तयार मखर आणायचं, ब्लेडनं कडा तासायच्या, कोनाड्यात ठोकून बसवायचं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि ते बरंच झालं. विसर्जनानंतर घाटाकाठी जे पांढरं पांढरं तरंगायचं ते बघवत नव्हतं. पुढं एक-दोन वर्षं पुठ्ठ्यावर काढली. भाद्रपदातली सांगली आणि पुठ्ठा यांचं जमत नाही. तिसऱ्या दिवशी महिरपीच्या पाकळ्या कोमेजल्यासारख्या खाली आल्या. मग बाजारातली एमडीएफची तयार कमान बघितली. जाळी काय, मोर काय, कॉम्प्युटरवर कापलेलं सुंदर काम, पण सगळं काटकोनात, सरळ भिंतींच्या माणसांसाठी. त्या दुकानदाराला म्हटलं, माझ्या मापाचं कापून द्या. तो म्हणाला, "काकू, फाइल द्या, लगेच कापतो." माझ्याकडे फाइल नव्हती, वर्तमानपत्र होतं.

सुतारमामा "येतो की वहिनी" म्हणाले आणि आले नाहीत. त्यांचंही चुकलं नाही. दोन फुटांच्या तुकड्यासाठी हत्यारांची पिशवी घेऊन यायचं म्हणजे त्यांचा अर्धा दिवस मोडतो, आणि अर्ध्या दिवसाची हजेरी मागायचा त्यांना संकोच. लग्नसराईत कुणी एकच साडी फॉल-पिकोला घेऊन आलं की मीसुद्धा "उद्या या" म्हणते. तो उद्या कधी उगवतो ते मला ठाऊक आहे.

तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांचं वायरवालं जिगसॉ दिलं. जिगसॉ म्हणजे हातात धरायचं छोटं करवत-यंत्र. खाली सपाट पत्रा, त्यातून बाहेर आलेलं बोटाएवढं अरुंद पातं आणि ते पातं खालीवर, खालीवर. सरळ कापायला गोल पात्याचं करवत बरं. वळणं घ्यायची तर हेच. प्लायचा तुकडा गच्चीवर नेला, कारण घरात भुसा नको. गच्चीवर प्लग नाही, म्हणून जिन्यातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. ह्यांनी मोठ्या उत्साहानं मशीन हातात घेतलं, मी कागद धरला. कमानीच्या पहिल्या वळणावर ह्यांचं सगळं लक्ष रेषेवर आणि वायर प्लायच्या खालून नेमकी रेषेच्या वाटेत. फट् झालं. एमसीबी पडली, खाली घरात अंधार झाला आणि ओला रबरी जोडा जळावा तसा वास आला. कुणाला काही झालं नाही. शेजाऱ्यांना नवी वायर बसवून मशीन परत केलं, वर अर्धा किलो पेढे दिले.

बिनवायरचं घ्यायचं हे त्या दिवशी गच्चीवरच ठरलं. ह्यांचं म्हणणं पडलं, "वर्षातनं दोनदा वापरायचं हत्यार विकत कशाला?" मी म्हटलं, पुरणयंत्र वर्षातनं किती वेळा निघतं? शेवयांचा साचा? ते माळ्यावर आहेत म्हणून कुणाला खुपत नाही, मग करवतच का खुपावी?

पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, ते नंतर कळलं. नुसता पैशाचा हिशेब केला तर वायरवालं केव्हाही स्वस्त पडतं, हलकं असतं आणि दहा वर्षांनी माळ्यावरून काढलं तरी प्लगात घातल्यावर चालू होतं. बॅटरीचं तसं नाही. बॅटरी न वापरताही म्हातारी होते. रोज बारा तास राबणाऱ्या सुतारानं मशीन निवडताना ताकद बघावी. माझं मशीन वर्षातले साडेतीनशे दिवस कपाटात झोपणार. ते झोपेत मरणार तर नाही ना, हा माझा खरा प्रश्न.

दुकानाची पायरी चढण्याआधी मुलानं पुण्याहून फोनवर एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यामुळे माझी भीड चेपली. जिगसॉ जन्माला आलं तेच मुळी शिलाई मशीनमधून. स्वित्झर्लंडमधल्या सोलोथर्न गावी सिंटिला नावाच्या कंपनीत अल्बर्ट कॉफमन हा इंजिनिअर होता. १९४६ साली त्यानं बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढली आणि तिच्या जागी करवतीचं पातं बसवलं, असं सांगतात. पुढं त्याचं हातात धरायचं यंत्र झालं. आणि ती कंपनी बॉशकडे गेली. ऐकल्यावर माझा पहिला विचार त्या बाईचा. तिच्या मशीनचं पुढं काय झालं? लाकडाचा भुसा शटलमध्ये गेला की टाके सुटतात, तेल कितीही घाला.

त्यानंतर मात्र जिगसॉ मला आपल्यातलं वाटायला लागलं. सुई खालीवर होते तसं पातं खालीवर होतं. मशीनचा फूट कापड दाबून धरतो, तसा जिगसॉचा तळपत्रा लाकडाला चिकटून राहायला हवा. फूट उचललेला असताना मशीन चालवलं तर दोऱ्याचा गुंता होतो. इथं तळपत्रा उचलला गेला तर मशीन हातात उड्या मारतं आणि पातं तुटतं. फरक एकच. तिथं सुई जागेवर आणि कापड सरकतं, इथं लाकूड जागेवर आणि सुईच सरकते. म्हणजे लाकूड घट्ट आवळलं पाहिजे. हे कळलं म्हणून मशीनच्या आधी दोन सी-क्लॅम्प घेतले.

शंभर फुटी रोडवरच्या दुकानात काउंटरवर विशीतला पोरगा होता. त्यानं आधी ह्यांच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग तो माझ्याकडे बघून हळू बोलायला लागला, लहान मुलाशी बोलतात तसा. मी विचारलं, "स्ट्रोक किती आहे?" त्यानंतर तो नीट बोलला.

स्ट्रोक म्हणजे पातं एका दमात किती वरखाली होतं ते अंतर. मोठ्या मशीनला ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतं, लहानांना १८-२०. स्ट्रोक मोठा असला की जास्त दात कामाला लागतात, भुसा बाहेर फेकला जातो, जाड लाकूड लवकर कापलं जातं. माझा प्लाय १२ मिलिमीटरचा, मला लहान स्ट्रोकनंही भागलं असतं. उगाच मोठ्याच्या मागे लागले नाही.

खरी गंमत व्होल्टची. एका मशीनवर १८ लिहिलेलं, दुसऱ्यावर २० मॅक्स, तिसऱ्या कुठल्या तरी बिननावाच्या मशीनवर ४८. मी आपली ४८ कडे वळले. स्वस्त होतं आणि आकडाही मोठा. पोरगा हसला. १८ आणि २० मॅक्स हे एकच, म्हणाला. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीनं जोडले की १८ होतात. तेच सेल नुकतेच चार्ज केलेले असताना मोजले की २० च्या वर भरतात. एकानं रोजचं वजन लिहिलं, दुसऱ्यानं जेवल्यावरचं. आणि ते ४८? त्याच्या आतही पाचच सेल, नुसता डब्यावर आकडा मोठा. गिऱ्हाइकाला विकायची वस्तू असून त्यानं हे सांगितलं, म्हणून मी त्याच दुकानातून घेतलं.

१२ व्होल्टचं एक छोटं मशीन होतं, त्याच्यावर माझं मन बसलं. हातात घेतलं तर कात्रीसारखं हलकं. माझ्या हाताच्या मानानं तेच योग्य, आणि १२ मिलिमीटर प्लायला पुरेसं. पण त्याची बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा.

इथं मला आमच्या घरातलं ड्रिल आठवलं. ते पुराचं देणं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली; तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आलो तेव्हा ओट्याखालच्या कपाटाचा साधा कमर्शियल प्लाय भिजलेल्या वहीसारखा फुगलेला, थर न् थर सुटलेला. बोटानं एकेक पान उलटता येत होतं. वीज नव्हती. मुलानं पुण्याहून बॅटरीचं ड्रिल आणलं आणि त्याच्यावर आम्ही उरलेली कपाटं खोलली, नव्या मांडण्या ठोकल्या. ते १८ व्होल्टचं. दोन बॅटऱ्या, एक चार्जर. त्या बॅटऱ्या मी दर काही महिन्यांनी बघत आलेय, आणि अजून धरून आहेत.

बॅटरीच्या हत्यारांचं सोयरिकीसारखं आहे. एका घराण्यात मुलगी दिली की सणवार त्याच घराण्याशी. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही. खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात. मात्र घराणं एकदा ठरलं की पुढचं मशीन नुसतं घेता येतं, बॅटरी-चार्जरशिवाय, ज्याला दुकानात 'सोलो' म्हणतात. किंमत एकदम खाली येते. शिवाय आणखी एक फायदा आहे, तो मला तिथं काउंटरवर उभं असतानाच सुचला: बॅटरी ड्रिलच्या निमित्तानं महिन्या-दोन महिन्यांतून बाहेर निघत राहते. म्हणजे जिगसॉ झोपलं तरी बॅटरी झोपत नाही. तेव्हा त्या कात्रीसारख्या हलक्या मशीनला नमस्कार केला आणि ड्रिलच्या घराण्यातलं १८ व्होल्टचं सोलो मशीन घेतलं. बॅटरी लावून जवळजवळ अडीच किलो भरतं. मनगट पहिल्या दिवशीच बोललं.

पकडीतही तडजोड झाली. जिगसॉ दोन तऱ्हेचं असतं: एकाला वर इस्त्रीसारखी मूठ, दुसऱ्याला मूठच नाही, मशीनचं धड मुठीत धरायचं. दुसऱ्यात हात लाकडाच्या अगदी जवळ राहतो आणि वळणावर ताबा चांगला येतो. मला तेच हवं होतं. आमच्या घराण्यात त्या दुकानात मूठवालंच होतं. घेतलं. ब्रशलेस मोटरसाठी, म्हणजे झिजणारे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरसाठी, जास्तीचे पैसे मात्र दिले नाहीत. वर्षातून दोनदा चालणाऱ्या मशीनचे कार्बन ब्रश माझ्या आधी झिजतील असं वाटत नाही. एलईडी दिवा, धूळ उडवायचा फुंकर, पातं बदलायचा खटका हे आता बहुतेक सगळ्यांना असतं, त्यावरून भांडू नये. एक गोष्ट मात्र मी दुकानातच केली. पिशवीतून छोटा गुण्या काढला आणि पातं तळपत्र्याशी काटकोनात आहे का ते बघितलं. एका मशीनचा पत्रा केसभर कललेला होता. तो तिरक्या कापासाठी ४५ अंशांपर्यंत फिरतो, त्यामुळे स्क्रू सैल असला की असं होतं. घरची भिंत वाकडी आहे, निदान मशीन तरी गुण्यात असू दे.

पात्यांकडे पोरगा वळलाच नव्हता. मशीनबरोबर एक पातं येतं तेवढं पुरे म्हणाला. ते ऐकून मला ब्लाउजला चौदा नंबरची सुई आणि जीन्सलाही चौदा नंबरची सुई वापरणाऱ्या शिकाऊ मुली आठवल्या. कापड बिघडतं, सुई तुटते आणि नाव मशीनचं. कापायचं काम पातं करतं. मशीन त्याला नुसतं हलवतं.

पात्याच्या बुंध्यावर नंबर असतो, तो वाचायला शिकले. टी १०१ बी, टी १४४ डी, टी ११९ बीओ. पहिला 'टी' म्हणजे बुंध्याचा आकार. हल्लीच्या बहुतेक मशीनला तोच बसतो. जुन्या मशीनला 'यू' बुंधा लागायचा, त्याच्यात भोक असतं. आकड्यानंतरचं अक्षर दातांचं: ए म्हणजे बारीक, बी मध्यम, डी एकदम राठ. टी १४४ डी चे दात चार-चार मिलिमीटरवर. लाकूड झपझप कापतं पण कड कुत्र्यानं चावल्यासारखी करतं. टी १०१ बी चे अडीच मिलिमीटरवर, कड स्वच्छ. 'ओ' असला तर पातं मागून अरुंद, म्हणजे वळणाचं. पातं जितकं रुंद तितकं ते सरळ जायचा हट्ट धरतं. पत्रा कापायला टी ११८ ए, त्याचे दात हाताला जेमतेम लागतात. मी टी १०१ बी आणि वळणासाठी टी १०१ एओ अशी दोन पाकिटं घेतली.

पात्याला ढकलायचं नाही हे मला मिरजेनं शिकवलं. लेकीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला सतारमेकर गल्लीत गेले होते. तिथली ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले तशी तंतुवाद्यांकडे वळली. त्या दुकानात एक बुजुर्ग तूणीच्या लाकडाची पट्टी हातकरवतीनं कापत होते. मी गंमत म्हणून विचारलं, इतकं सरळ कसं कापता? ते म्हणाले, "आम्ही कुठं कापतोय? धार कापतीय. आपण नुसतं संगं जायचं." घरी येऊन रद्दी प्लायवर करून बघितलं. जोर लावला की पातं खालून वाकतं. वरून रेष बरोबर आणि खालून काप तिरका. संगं गेलं की सरळ.

चोर गणपती बसला. सांगलीत गणपती मंदिरातला हा गणपती प्रतिपदेलाच गुपचूप येऊन बसतो, म्हणजे आता चारच दिवस. सहा ब्लाउज बाकी होते. ते बाजूला सारले आणि टिंबर एरियातून एका अंगानं सागवानी विनियर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा, असलेला १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा आणला. विनियर काय देखणं होतं. नुसता हात फिरवत बसावं.

गच्चीवर जुनी ट्रंक आणि स्टूल मांडलं, त्यावर प्लाय, दोन क्लॅम्प. साडीऐवजी ड्रेस घातला, बांगड्या काढल्या, ओढणी खालीच ठेवली, चष्म्यावर गॉगल आणि तोंडाला मास्क. ह्यांनी फोटो काढला आणि तो जाऊबाईंना पाठवला, हे मला नंतर कळलं.

जिगसॉच्या पात्याचे दात वर तोंड करून असतात. म्हणजे ते वर येताना कापतं, आणि वरच्या पृष्ठावरचं लाकूड उचकटत जातं. प्लायचा वरचा पापुद्रा पातळ, त्याच्या कपच्या उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची आणि उलट बाजूवर खूण करायची. हेही मला शिकवायला नको. खडूची खूण कापडाच्या उलट्या अंगावरच करतात. देखणं विनियर खाली केलं, खरखरीत बाजू वर, तिच्यावर वर्तमानपत्राचं कटिंग ठेवलं, पेन्सिल फिरवली.

महिरपीला सात पाकळ्या. दोन पाकळ्या जिथं मिळतात तिथं आत घुसणारं टोक असतं. पातं त्या टोकाशी जाऊन तिथल्या तिथं फिरू शकत नाही. तिथं आधी ड्रिलनं भोक पाडलं, पातं त्या भोकात येऊन वळतं. गोल गळ्याला पलटी मारण्याआधी कडेला बारीक कट देतो ना, त्याच हिशेबानं टाकाऊ भागातही चार-पाच सरळ काप घेतले, म्हणजे वळण घेताना नको असलेला तुकडा गळून पडतो आणि पात्याला जागा होते. पातं पुढंमागंही झुलवायचं एक बटण असतं, त्याला चार खुणा. ते शून्यावर ठेवलं. झुलतं पातं झपाट्यानं कापतं, पण वळणावर कड खाऊन टाकतं. वेग मध्यम. तळपत्रा दाबला, घोडा ओढला.

पहिली पाकळी थरथरत गेली. तिसऱ्या पाकळीपासून हात बसला. पाचव्या पाकळीला माझा उजवा पाय नकळत खाली दाबला जात होता, पायाखाली पायटा असल्यासारखा. भुसा पिवळसर, नाचणीच्या पिठापेक्षा जाड, फुंकरीनं रेषेवरून बाजूला होत होता. बाहेरची कड सरळ पात्यानं घेतली. बॅटरीचा एक दिवा विझला, दोन तसेच राहिले. क्लॅम्प सोडले, तुकडा उलटला. विनियरची कड बघून मी ह्यांना हाक मारली. एक कपचा उडाला नव्हता.

तशीच खाली आले आणि कोनाड्याला लावून बघितली. बसेना.

उजवीकडे पाऊण इंच जास्त, डावीकडे बोटभर फट. मी म्हटलं भिंत हलली की काय. ह्यांनी महिरप हातातून घेतली, उलटी केली, खरखरीत बाजू पुढं करून कोनाड्यात ढकलली. चपखल बसली. कमानीचं कललेलं टोक कललेल्या टोकात.

खांबाला टेकून मी खालीच बसले. शिकाऊ मुली पहिल्या वर्षी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापतात. एक कटिंग उलटं ठेवायचं असतं, ते विसरतात. दर वर्षी एकीला तरी मी त्यावरून बोलते. आणि तीस वर्षांनी मी प्लाय उलटा केला, कागद उलटा करायचं विसरले. कोनाडा दोन्ही अंगांनी सारखा असता तर चूक कधी कळलीही नसती.

आता चांगली बाजू भिंतीकडे आणि कपच्या उडालेली बाजू लोकांकडे. दुसरा तुकडा आणायला वेळ नव्हता, आणि त्या विनियरचे पैसे पुन्हा घालायचं मन नव्हतं. रात्री साडेदहाला शिलाईच्या खोलीतलं खालचं कपाट उघडलं. खणाचं कापड होतं, जांभळं, पोपटी काठाचं, एका गिऱ्हाइकाचं उरलेलं मीटरभर. ते फेविकॉलनं खरखरीत बाजूवर ताणून चिकटवलं. पाकळ्यांच्या कोपऱ्यांत कात्रीनं कट दिले, कापड मागं वळवलं. हे काम हात आपोआप करत होते. जिगसॉनं घेतलेला अर्धा दिवस इथं वीस मिनिटांत भरून निघाला. कपच्या, खाचा, पेन्सिलची रेघ सगळं खणाखाली गेलं. मशीन पुसलं, बॅटरी काढून निम्म्या चार्जवर साड्यांच्या कपाटात ठेवली. माळा पत्र्याखाली आहे. सांगलीच्या एप्रिलात तिथं तूप वितळतं, लिथियमच्या बॅटरीनं काय सोसायचं?

चतुर्थीला गणपती बसला. जाऊबाई आल्या, शेजारणी आल्या, सगळ्यांनी खणाला हात लावून बघितलं आणि कुठून आणलं विचारलं. सुतारमामाही दर्शनाला आले. त्यांनी महिरप पुढून बघितलीच नाही. बाजूच्या फटीतून दोन बोटं आत घालून मागच्या कडेवर फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काप चांगला घेतलाय. पण वहिनी, विनियर मागं?"

आरती सुरू झाली. 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला हे माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "मग चांगली बाजू खाली ठेवून कापायचं काय नडलं होतं?"

मी झांज जरा जोरात वाजवली.